निळी काच, फिन्सेनचा दिवा आणि बाळाची कावीळ

१/
१९४७ साली अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन या शहरात एका खटल्याचा निकाल लागला. आरोपी होते मुंबईत जन्मलेले ७३ वर्षांचे पारशी गृहस्थ, दिनशाह घडियाली. रंगीत काचा बसवलेला एक दिवा ते विकत असत आणि त्याच्या प्रकाशाने मधुमेहापासून क्षयापर्यंत बहुतेक सारे रोग बरे होतात, असे सांगत. न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, २०,००० डॉलरचा दंड केला आणि त्या दिव्याचा प्रचार करणारे छापील साहित्य नष्ट करण्याचा आदेश दिला.

२/
या निकालाच्या ४४ वर्षे आधी, १९०३ साली, प्रकाशाने रोग बरा केल्याबद्दल एका डॅनिश डॉक्टरला वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्यांचे नाव नील्स फिन्सेन. या दोघांच्याही हाती दिवा आणि काच होती, आणि प्रकाशात औषधी गुण आहे अशी दोघांचीही श्रद्धा होती. मग एकाला पारितोषिक आणि दुसऱ्याला दंड, असे का झाले? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे. शेवटी आपण ज्या जागी पोहोचणार आहोत ती न्यायालयाहून फार निराळी आहे : नवजात बाळाला कोवळ्या उन्हात धरून बसलेली आपल्याच घरातली आजी.

३/
या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले असे, की फिन्सेन शास्त्रज्ञ होते आणि घडियाली भोंदू. दुसरे असे, की फिन्सेन युरोपीय होते, घडियाली हिंदी होते आणि औषधधंद्याच्या आड येत होते, म्हणून त्यांचा छळ झाला. दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. पहिले उत्तर निकालाआधीच पाट्या लावून मोकळे होते. दुसरे उत्तर अन्यायाच्या शक्यतेवरून दाव्याचे सत्य ठरवू पाहते. इतिहासाच्या वाचकाने यांपैकी कशावरही समाधान मानू नये.

४/
कथा जरा मागून सुरू करावी लागेल. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी ऑगस्टस प्लेझंटन नावाचे एक सेनाधिकारी राहत. १८६१ साली त्यांनी द्राक्षांसाठी काचगृह बांधले आणि त्यात साध्या काचांमध्ये ठरावीक अंतराने निळ्या काचा बसवल्या. वेल जोमाने वाढले. मग त्यांनी डुकरांच्या पिल्लांवर तोच प्रयोग केला आणि तीही लवकर पोसली, असा निष्कर्ष काढला. पुढची उडी अर्थातच माणसापर्यंत होती.

५/
१८७६ साली त्यांनी या विषयावर पुस्तक काढले. वाचकाच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून ते निळ्या कागदावर निळ्या शाईत छापले होते! वर्षभरात अमेरिकेत निळ्या काचेचे वेड पसरले. संधिवात, पाठदुखी, अशक्तपणा अशा तक्रारींसाठी लोक घराच्या खिडक्यांना निळ्या काचा लावून त्याखाली बसू लागले. काचविक्रेत्यांचे दिवस पालटले.

६/
१८७७ साली 'सायंटिफिक अमेरिकन' या नियतकालिकाने या वेडाची साधी तपासणी केली. निळी काच सूर्यप्रकाशात काहीही भर घालत नाही. उलट त्यातील बराचसा प्रकाश ती अडवते. निळ्या काचेखाली बसलेल्या माणसाला नुसत्या उन्हात बसलेल्यापेक्षा कमीच प्रकाश मिळतो. ज्यांना बरे वाटले ते निळाईमुळे, उन्हामुळे, विश्रांतीमुळे की केवळ अपेक्षेमुळे, हे ठरवण्याची कोणतीही सोय प्लेझंटन यांनी ठेवली नव्हती. वेड ओसरले. कल्पना मात्र उरली.

७/
ती कल्पना उचलली एडविन बॅबिट या लेखकाने. १८७८ साली त्यांचा प्रकाश आणि रंग यांच्या तत्त्वांवरचा जाडजूड ग्रंथ आला. लाल रंग उत्तेजक, निळा शामक, पिवळा सारक, अशी रंगांची जणू एक मात्रापेटीच त्यांनी मांडली. रंगीत काचेच्या पात्रात पाणी भरून ते उन्हात 'भारित' करायचे आणि रोग्याला पाजायचे, ही कृतीही त्यांच्याकडे आढळते. आज रंगीत बाटल्यांतले पाणी 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणून आपल्यापुढे येते, तेव्हा या अमेरिकी ग्रंथाची आठवण ठेवावी.

८/
बॅबिटचा ग्रंथ हिंदुस्थानात पोहोचला आणि यंत्रे व वीज यांचे विलक्षण आकर्षण असलेल्या तरुण दिनशाह घडियालींच्या हाती पडला. त्यांनीच सांगितलेली हकीकत अशी : १८९७ साली आतड्याच्या तीव्र विकाराने मरणासन्न झालेल्या एका तरुण स्त्रीवर नेहमीचे सारे उपचार थकले. त्यांनी निळसर जांभळ्या बाटलीची काच कंदिलापुढे धरून तो प्रकाश तिच्या अंगावर टाकला. काही दिवसांत ती बरी झाली. या एका अनुभवाने त्यांच्या साऱ्या आयुष्याची दिशा ठरली.

९/
इथे क्षणभर थांबावे, कारण १८९७ हे साल मुंबईच्या इतिहासात फार महत्त्वाचे आहे. शहरात प्लेगचे थैमान चालू होते. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना त्यांनी लस दिली. लस घेतलेल्यांत किती आजारी पडले आणि न घेतलेल्यांत किती, याची नोंद वेगवेगळी ठेवली.

१०/
एकाच देशात, एकाच वर्षी ज्ञानाच्या दोन वाटा दिसतात. एकीकडे एक स्त्री बरी झाली आणि त्यातून सर्व रोगांचा सिद्धांत जन्मला. दुसरीकडे स्वतः लस टोचून घेऊन काही झाले नाही, एवढ्यावर हाफकिन थांबले नाहीत. लस न घेतलेल्यांचे काय झाले, हेही त्यांनी पाहिले. घडियालींच्या हेतूवर मी शंका घेत नाही. ती स्त्री बरी झाली असेलही. पण निळा प्रकाश न टाकता ती बरी झाली असती का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारल्याचे दिसत नाही.

११/
आता कोपनहेगनकडे वळू. नील्स फिन्सेन यांचा जन्म १८६० सालचा, फेरो बेटांवरचा. तरुणपणीच त्यांना यकृत आणि हृदय यांना ग्रासणारा असाध्य विकार जडला. उत्तरेकडे तोंड असलेल्या अंधाऱ्या खोलीत राहताना, उन्हात गेले की आपल्याला बरे वाटते, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे त्यांचाही आरंभ एका वैयक्तिक अनुभवातूनच झाला. घडियालींपेक्षा त्यांची सुरुवात काही अधिक 'शास्त्रीय' नव्हती.

१२/
त्यांचा पहिला मोठा दावा तर चुकलाच. देवीच्या रोग्यांना फक्त लाल प्रकाश येईल अशा खोलीत ठेवले तर फोड पिकत नाहीत आणि व्रण राहत नाहीत, असे त्यांनी १८९३ साली मांडले. देवीच्या रोग्याला लाल कापडात गुंडाळण्याची रीत युरोपात मध्ययुगापासून होती. फिन्सेन यांनी तिला प्रकाशाच्या भाषेत नवे रूप दिले. पुढे इतर डॉक्टरांनी ते तपासले, तेव्हा अपेक्षित लाभ टिकला नाही आणि लाल खोल्या मागे पडल्या. नोबेल मिळवणाराही चुकतो. त्याची चूक उघडी पडू शकली, ही त्यातली जमेची बाजू.

१३/
दुसरा दावा अगदी अरुंद होता. ल्युपस व्हल्गॅरिस, म्हणजे त्वचेचा क्षय. हा रोग चेहरा कुरतडत नेई आणि नाक, ओठ, गाल विद्रूप करी. या रोगाने पिडलेल्या आणि अन्य उपचारांनी गुण न आलेल्या एका अभियंत्यावर फिन्सेन यांनी १८९५ साली कार्बनच्या आर्क दिव्याचा प्रकाश भिंगांनी एकवटून टाकला. रोज, महिनोन्महिने. त्वचा सुधारली. १८९६ साली कोपनहेगनमध्ये त्यांची प्रकाशोपचार संस्था उभी राहिली.

१४/
त्या संस्थेतले दृश्य डोळ्यांपुढे आणण्यासारखे आहे. मधोमध प्रखर आर्क दिवा. त्याला चार दिशांना चार नळ्या. प्रत्येक नळीत स्फटिकाची भिंगे आणि उष्णता शोषून घेण्यासाठी पाणी. प्रत्येक नळीखाली एक रुग्ण, शेजारी गडद चष्मा लावलेली परिचारिका. ती एक भिंग त्वचेवर दाबून धरी, म्हणजे तिथले रक्त बाजूला सरून प्रकाश खोलवर शिरे. एका बैठकीत नाण्याएवढ्या भागावरच उपचार होई. चेहरा मोठा आणि नाणे लहान, त्यामुळे काम चिकाटीचे होते.

१५/
१९०१ पर्यंतच्या ८०४ रुग्णांचा हिशेब संस्थेने मांडला. त्यांतले सुमारे ८३ टक्के बरे झाल्याची नोंद होती. उरलेल्यांचीही नोंद होती, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा फिन्सेन इतके आजारी होते, की ते समारंभाला जाऊ शकले नाहीत. पुढच्याच वर्षी, १९०४ साली, वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हजारो रुग्णांना उपयोगी पडलेला प्रकाश त्यांच्या स्वतःच्या रोगावर चालला नाही, आणि तो चालतो असा दावाही त्यांच्या संस्थेने केला नाही.

१६/
आता या कथेतील सर्वांत मौजेची गोष्ट. फिन्सेन यांचे स्पष्टीकरण चुकीचे होते! अतिनील किरण जंतू मारतात म्हणून रोग बरा होतो, अशी त्यांची समजूत. २००५ साली डॅनिश संशोधकांनी त्यांची जुनी भिंगे तपासली. जंतू थेट मारणारे कमी लांबीचे अतिनील किरण त्या भिंगांतून पारच होत नव्हते. क्षयाच्या जंतूंतील पॉर्फिरिन नावाची द्रव्ये जांभळ्या-निळ्या प्रकाशाने चेततात आणि त्यातून तयार होणारा क्रियाशील ऑक्सिजन जंतूंचा नाश करतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१७/
या एका गोष्टीवर माझे सारे मत उभे आहे. फिन्सेन यांचा सिद्धांत चुकला तरी उपचार खरा ठरला, कारण रुग्णांची मोजणी प्रामाणिक होती. बॅबिट आणि घडियाली यांच्याकडे सिद्धांत परिपूर्ण होता. प्रत्येक रंगाला गुण, प्रत्येक अवयवाला रंग, कुठे फटच नाही. पण मोजणी नव्हती. ज्या सिद्धांतात 'इथे हा उपचार चालत नाही' असे लिहायला जागाच नसते, त्याच्या परिपूर्णतेचे कौतुक करण्याऐवजी तिच्याकडे संशयाने पाहावे.

१८/
घडियाली १९११ साली अमेरिकेस गेले आणि १९२० साली त्यांनी 'स्पेक्ट्रो-क्रोम' हे यंत्र बाजारात आणले. एका पेटीत १,००० वॉटचा दिवा, पुढे पाच रंगीत काचा आणि त्यांच्या जुळणीतून १२ रंग. रुग्णाने अंधाऱ्या खोलीत, डोके उत्तरेकडे करून प्रकाश घ्यायचा. (उत्तरेकडे डोके करू नये असे सांगणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे फारसे रुचले नसते!) औषध नको, शस्त्रक्रिया नको आणि मुख्य म्हणजे निदानही नको, अशी त्यांची घोषणा होती.

१९/
'निदान नको' हे शब्द लोकांना दिलासा देतात. पण आजार कोणता हेच ठरले नाही, तर तो गेला हे कसे ठरणार? न्यायालयांनी त्यांना सदैव दोषीच ठरवले असेही नाही. १९३१ साली बफेलो येथील फसवणुकीच्या खटल्यात ते निर्दोष सुटले. फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयातील ज्येष्ठ शल्यविशारद केट बाल्डविन यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली होती. म्हणजे प्रशिक्षित डॉक्टरलाही स्वतःच्या अनुभवावरून खात्री पटू शकते. मोजणीची गरज आहे ती याचसाठी.

२०/
शेवटच्या खटल्यात बचावाच्या बाजूने रुग्णांच्या साक्षी झाल्या. आपले झटके थांबले असे सांगायला आलेल्या एका साक्षीदाराला भर न्यायालयात झटका आला. हा प्रसंग हसण्याचा नाही. तो माणूस खोटे बोलत नव्हता, त्याला खरोखर बरे झाल्यासारखे वाटत होते. सरकारी पक्षाने अशाही हकीकती मांडल्या, की मधुमेहाच्या रुग्णाने प्रकाशावर भिस्त ठेवून इन्सुलिन सोडले आणि तो दगावला. रंगीत प्रकाशाने अपाय होत नाही हे खरे. अपाय होतो तो त्या प्रकाशात बसून गेलेल्या वेळेचा.

२१/
पुस्तके नष्ट करण्याच्या आदेशाचे समर्थन मी करणार नाही. चुकीच्या पुस्तकाला उत्तर द्यावे, ते जाळू नये. शिवाय जाळलेल्या पुस्तकाभोवती हौतात्म्याचे वलय तयार होते. घडियालींच्या समर्थकांना ते वलय आजही उपयोगी पडते. पण एखाद्यावर अन्याय झाला म्हणून त्याचे म्हणणे खरे ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येणे, ही इतिहास वाचण्याची पहिली शिस्त आहे.

२२/
'मग आधुनिक वैद्यक तेवढे शहाणे आणि पर्यायी उपचार तेवढे खोटे?' असे कोणी म्हणेल. तसेही नाही. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांची हाडे अतिनील दिव्याने सुधारतात, हे क्ष-किरणांच्या छायाचित्रांनी दाखवले. एका हातावर प्रकाश टाकला तर दुसऱ्या हाताचे हाडही सुधारले. त्वचेत तयार झालेले काहीतरी रक्तावाटे सर्वत्र जाते, हे त्यातून उघड झाले. ते म्हणजे आपण आज ज्याला ड जीवनसत्त्व म्हणतो ते.

२३/
या यशानंतर युरोपातील अधिकृत वैद्यकालाच प्रकाशाचे वेड लागले. 'कृत्रिम सूर्य' म्हणून दिवे खपू लागले. सर्दी, अशक्तपणा, खुंटलेली वाढ, सर्वांवर एकच उपाय. तेव्हा ब्रिटनमध्ये डोरा कोलब्रुक यांनी शाळकरी मुलांचे तीन गट केले. एका गटाला दिव्याचा प्रकाश दिला. दुसऱ्याला तोच प्रकाश साध्या खिडकीच्या काचेतून दिला, कारण ती काच मुडदुसावर गुणकारी ठरणारे अतिनील किरण अडवते. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. १९२९ सालच्या त्यांच्या अहवालात दिव्याचा विशेष लाभ आढळला नाही.

२४/
या प्रयोगातली खिडकीची काच मला प्लेझंटन यांच्या निळ्या काचेचे उत्तर वाटते. तिथे काचेने भ्रम निर्माण केला, इथे काचेनेच तो दूर केला. शिवाय कोलब्रुक यांनी तपासलेला दावा कोणा वैदूचा नव्हता, तो त्यांच्याच व्यवसायबंधूंचा होता. म्हणून मी म्हणतो, सीमारेषा 'पाश्चात्त्य' आणि 'देशी' यांच्यात नाही, 'अधिकृत' आणि 'पर्यायी' यांच्यातही नाही. ती तपासलेल्या आणि न तपासलेल्या दाव्यांच्या मधून जाते.

२५/
याचा पुरावा आपल्याच आयुर्वेदातही आहे. कोडावर बावची आणि ऊन यांची जोड ही जुनी चिकित्सा. इजिप्तमध्येही एका वेगळ्या वनस्पतीचा उन्हासह असाच उपयोग होई. विसाव्या शतकात दोन्ही वनस्पतींतून सोरालेन वर्गाची द्रव्ये ओळखली गेली. १९७४ साली सोरालेन आणि लांब लहरींचे अतिनील किरण यांचा सोरायसिसवरील उपचार प्रसिद्ध झाला. जुने ज्ञान तपासणीत टिकले, मात्रा ठरली, धोकेही लिहिले गेले. दीर्घकाळ घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा संभव वाढतो, हेही त्यातच कळले.

२६/
आता शेवटचा टप्पा. १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एके दिवशी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. त्याची त्वचा फिकट झाली होती, पण चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला त्रिकोणी तुकडा तेवढा पिवळाजर्द राहिला होता. पुढे उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातही कावीळ दाखवणाऱ्या बिलिरुबिनचे प्रमाण घटलेले आढळले.

२७/
या दोन निरीक्षणांवरून रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळण्यावर निळसर दिवे बसवले आणि १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध लिहिला. अमेरिकी डॉक्टरांनी बरीच वर्षे त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९६८ साली जेरोल्ड ल्युसी यांनी दिव्याखालची आणि दिव्याविना ठेवलेली बाळे यांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा शंका फिटली. बिलिरुबिन निळा प्रकाश शोषून घेते, त्याचा आकार बदलतो आणि ते शरीराबाहेर टाकणे सोपे होते. निळ्या रंगाला अखेर त्याचे खरे काम मिळाले.

२८/
आणि आता आपल्या घरातली आजी. बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरणारी. तिचे निरीक्षण आणि सिस्टर वॉर्ड यांचे निरीक्षण एकाच जातीचे आहे, म्हणून तिला हसणारा माणूस मूर्ख समजावा. पण वॉर्ड यांच्या निरीक्षणानंतर बारा वर्षांची मोजणी झाली. आजीच्या उन्हात ती नसते. प्रकाश किती मिळाला हे कळत नाही, बाळ तापते किंवा गारठते, आणि रक्तातले बिलिरुबिन किती आहे हे तर डोळ्यांना दिसतच नाही. सावळ्या त्वचेवर पिवळेपणा आणखीच फसवतो.

२९/
हे प्रमाण फार वाढले, तर बिलिरुबिन मेंदूत शिरते. मग ऐकू येणे, हालचाल, सारे आयुष्यच कायमचे अधू होऊ शकते. म्हणून पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला पिवळेपणा, सुस्त पडलेले किंवा दूध न ओढणारे बाळ, यांपैकी काहीही दिसले तर उन्हाची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे रक्त तपासून ठरवतील, दिवा लागेल की नाही. बहुतेक बाळांची कावीळ आपोआप ओसरते. त्यामुळेच उन्हाला श्रेय मिळते आणि थोड्यांचा घात होतो.

३०/
ऊन कायमचे बाद झाले, असेही समजू नका. वीज वारंवार जाणाऱ्या नायजेरियात संशोधकांनी अतिनील आणि उष्ण किरण गाळणाऱ्या पडद्यांचे मांडव उभारले. बाळांचे तापमान आणि बिलिरुबिन मोजत त्या गाळीव उन्हाची तुलना नेहमीच्या दिव्यांशी केली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ते ऊन दिव्यांपेक्षा कमी ठरले नाही. आजीच्या उन्हाला याहून मोठा सन्मान कोणता? पण तो त्याला परीक्षेला बसल्यावर मिळाला.

३१/
आज बाजारात लाल दिव्यांचे मुखवटे, पट्टे, टोप्या आल्या आहेत. त्यांतल्या काही उपयोगांना आधार आहे. उदाहरणार्थ, कर्करोगाच्या उपचारांत तोंड येऊ नये म्हणून लाल किरणांचा उपयोग तज्ज्ञ मान्य करतात. हिवाळ्यात सूर्य दुर्मीळ होणाऱ्या देशांतील ऋतुजन्य नैराश्यावर सकाळचा प्रखर प्रकाश १९८४ पासून अभ्यासला गेला आहे. पण एकच पट्टा गुडघा, थायरॉइड, लठ्ठपणा आणि मन:शांती यांना चालतो असे कोणी सांगितले, तर प्लेझंटन यांची निळ्या कागदावरची पाने आठवावीत.

३२/
विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत. नेमका कोणता प्रकाश, किती वेळ? नेमका कोणता आजार? आणि ज्यांना गुण आला नाही त्यांची नोंद कुठे आहे? फिन्सेन यांच्यापाशी तिन्हींची उत्तरे होती. घडियालींपाशी पहिल्या दोहोंचे उत्तर 'सर्व रंग, सर्व रोग' आणि तिसऱ्याला मौन. मुंबईच्या मातीतल्या या हरहुन्नरी माणसाविषयी मला अनुकंपा आहे. त्यांच्या १८९७ सालच्या शहरात हाफकिन यांनी जो हिशेब मांडला, तो त्यांनीही मांडला असता तर आज हा धागा कदाचित वेगळा लिहिला गेला असता.

३३/
तुमच्या घरात, गावात ऊन, रंग, दिवा यांविषयीच्या कोणत्या समजुती आहेत? आजी-आजोबांना विचारा आणि लिहून ठेवा. त्या हसून उडवू नका, डोळे मिटून स्वीकारूही नका. आणि आसपास कोणाच्या घरी नुकतेच बाळ आले असेल, तर या धाग्यातला २९ वा भाग तेवढा आवर्जून त्यांच्यापर्यंत पोहोचवा.

(समाप्त)